'कुणीच लायक नाही' पहिल्या नंबरावर

आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात या जानेवारीत, 2026 मध्ये, दोन निवडणुका चालू आहेत. एक खिडकीबाहेर, राजारामपुरीच्या गल्ल्यांतून, रिक्षावर कर्णा बांधून. 15 जानेवारीला महापालिकेचं मतदान. पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकाच्या हातात असलेली पालिका आता कुठं नगरसेवकांना मिळणार, म्हणून उमेदवारांचा जोर असा की दुपारी गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायचं तर खिडकी लावून घ्यावी लागते. दुसरी निवडणूक माझ्या कॉम्प्युटरवर, थायलंडची, 8 फेब्रुवारीची. माझा फेब्रुवारीचा ग्रुप नेमका त्याच आठवड्यात बँकॉक-पट्टायाला आहे आणि रोज कुणाचा तरी फोन येतोच, "ताई, तिकडं काय गडबड न्हाई न्हवं?"

कंबोडियाच्या सीमेवर जुलैत लढाई झाली, डिसेंबरात पुन्हा पेटली, 27 डिसेंबरला युद्धबंदी झाली. ती सीमा पट्टायाच्या बीचवरनं दिसत नाही, हे मी प्रत्येकाला नकाशा पाठवून सांगते. निवडणुकीचं मात्र नकाशावर दाखवता येत नाही. त्यासाठी मी तिकडचे पोल बघते. टूरवाल्या बाईनं पोल कशाला बघायचे, असं आमचे हे विचारतात. त्यांना काय सांगायचं, मला त्यात गोडी लागलीय.

गोडी लागली 2023 च्या मे महिन्यात, दारूबंदीमुळं. थायलंडमध्ये मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सहापासून मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत दारू विकायची नाही, असा कायदा आहे. आपल्याकडच्या ड्राय डेसारखाच, फक्त तासांनी आटोपशीर. मतदान होतं रविवारी, 14 मे 2023 ला. आमचा ग्रुप शनिवारी दुपारी पट्टायात उतरला. कागलकडची, इचलकरंजीची मंडळी, बायका-पोरं घरी ठेवून आलेली. सहाला फ्रीजवर पडदे आले आणि माझा फोन वाजायला लागला. "ताई, ड्राय डेला गाव सोडून आलाव, आन हितं ड्राय डे?" त्या संध्याकाळी त्यांची समजूत घालताना आमच्या तिकडच्या गाईडला मी विचारलं, बाई गं, जिंकणार तरी कोण? ती उदोन थानीकडची, ईशान्येची. तिनं मला एक तक्ता पाठवला. निदा पोलचा.

निदा म्हणजे बँकॉकमधली प्रशासनशास्त्र शिकवणारी एक सरकारी संस्था. तिचा पोल दर तीन महिन्यांनी एकच प्रश्न विचारतो, आज पंतप्रधानपदासाठी तुम्ही कुणाला पाठिंबा द्याल? अठरा वर्षांवरची दोन-अडीच हजार माणसं, सगळ्या प्रदेशांतून काढलेली, फोनवर. उत्तर दोन दशांशांपर्यंत छापतात. 35.44 टक्के, 29.20 टक्के. अडीच हजार माणसांत दुसरा दशांश काय कामाचा, हे आकडेवारी शिकलेल्या कुणालाही विचारा. पण छापलेला तक्ता देखणा दिसतो, हे खरं.

मी हे जरा तोऱ्यात बोलते, कारण विद्यापीठात शिकत असताना सुट्टीत मी एका एजन्सीसाठी सर्व्हेचे फॉर्म भरत फिरलेय. शिवाजी पेठ, उत्तरेश्वर पेठ, मग करवीर तालुक्यातली गावं. अमुक घरानंतर तमुक घर सोडून पुढचं घर घ्यायचं. घरातल्या मतदारांची यादी करायची आणि तक्त्यानं जो सांगितला त्याच माणसाला विचारायचं. तक्त्यानं सांगावं सून आणि दारात येऊन बसावेत सासरे. "काय विचारायचं ते मला विचारा, तिला काय कळतंय." आधी पाणी, मग चहा, मग चौकशी, "तुमी कुणाकडनं?" कुणाकडनंच नाही, असं सांगितलं तर माणूस जास्तच सावध व्हायचा. कोल्हापुरात कुणाकडनंच नसलेला माणूस असतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

उत्तरेश्वरात एका आजींनी मला तोंडी एका पुढाऱ्याचं नाव सांगितलं. मोठ्यानं, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं. मग मी त्यांच्या हातात ती खोटी मतपत्रिका दिली, चिन्हांची, तिच्यावर शिक्का मारून घडी घालून पिशवीत टाकायची. आजी पदराआड वळल्या, शिक्का मारला, घडी इतकी बारीक केली की गोळीच झाली. ऑफिसात पिशव्या उघडल्यावर आम्ही पेठेपेठेचे गठ्ठे लावायचो. तोंडी उत्तरांचा गठ्ठा आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा एकमेकांशी भांडायचे. कुठली चिठ्ठी आजींची ते कळायची सोय नव्हती, आणि तेच बरं होतं.

तर 2023. मार्चमधल्या निदा पोलमध्ये माजी पंतप्रधान थाक्सिन शिनावात यांची मुलगी, फेउ थाई पक्षाची पेतोंगतार्न, 38.20 टक्क्यांवर, सगळ्यांच्या फार पुढं. मूव्ह फॉरवर्ड पक्षाचे नेते पिता लिमजारोनरात ('पिता' हे त्यांचं नावच) 15.75 वर, आणि 2014 साली लष्करी उठाव करून आलेले प्रयुत चान-ओचा त्यांना चिकटून 15.65 वर. एप्रिलात पिता 20.25. मेच्या सुरुवातीला पिता 35.44, पेतोंगतार्न 29.20. दोन महिन्यांत वीस टक्क्यांची उडी. मधल्या काळात पेतोंगतार्न बाळंत झाल्या (मतदानाला दोन आठवडे असताना), वादविवादाच्या कार्यक्रमांत पिता गाजले, आणि प्रयुतांच्या पक्षांबरोबर सरकार करणार का, या प्रश्नावर पितांचा पक्ष स्पष्ट 'नाही' म्हणाला. फेउ थाईचं उत्तर तितकं सरळ येत नव्हतं.

तिकडं मतदानाआधीच्या सात दिवसांत पोल छापायला बंदी आहे. त्यामुळं लाट वर चढत असतानाच पडदा पडला. मतदान संपल्यावर संध्याकाळी पाचला निदानं जागांचा अंदाज दिला, फेउ थाई 164 ते 172, मूव्ह फॉरवर्ड 80 ते 88. रात्री प्रत्यक्ष मोजणी झाली तर मूव्ह फॉरवर्ड 151 आणि फेउ थाई 141. बँकॉकच्या 33 पैकी 32 जागा, फुकेतच्या तिन्ही. माझे अर्धे गिऱ्हाईक फुकेतला जातात, त्यामुळं ते मला तेव्हाच पाठ झालं.

हसू नका. आपल्याकडं 2024 च्या लोकसभेला एक्झिट पोलवाल्यांनी साडेतीनशे, चारशेचे आकडे फेकले आणि एनडीए 293 वर थांबली. त्याच वर्षी कोल्हापुरानं जूनमध्ये शाहू छत्रपतींना दीड लाखाच्या मताधिक्यानं निवडून दिलं, आणि नोव्हेंबरात विधानसभेला जिल्ह्यातल्या दहाच्या दहा जागा महायुती आणि तिच्या मित्रांना दिल्या. मधल्या काळात कोल्हापूर कुठल्या पोलवाल्यानं फोनवर पकडलं असेल? 2019 ला इथल्या भिंतीभिंतींवर 'आमचं ठरलंय' लिहिलेलं होतं. काय ठरलंय ते सांगायचं नाही, ठरलंय एवढंच सांगायचं. असल्या मतदाराकडनं दोन दशांशांत उत्तर काढायचं म्हणजे कठीण काम.

पण निदाचं नेमकं काय चुकलं हे बघण्यासारखं आहे. माणूस कोण आवडतो, हे त्यांनी बरोबर पकडलं होतं. पिता पुढं गेलेत, हे मेच्या सुरुवातीलाच छापलं होतं. घसरले ते माणसावरनं जागांवर जाताना. थायलंडमध्ये दोन मतपत्रिका असतात, एक आपल्या मतदारसंघाच्या उमेदवारासाठी, एक पक्षासाठी. 400 जागा मतदारसंघांतून, 100 पक्षाच्या यादीतून. पक्षाला मत शहाण्यासारखं देतील, पण मतदारसंघात आपल्या जिल्ह्यातल्या मोठ्या घराण्यालाच देतील, हा जुना ठोकताळा. आपल्याकडं जसा कारखाना, दूध संघ आणि जिल्हा बँक ज्याच्याकडं, गाव त्याच्याकडं. त्या वर्षी लोकांनी दोन्ही कागदांवर एकच पक्ष ठोकला. मूव्ह फॉरवर्डच्या 151 मधल्या 112 जागा मतदारसंघांतल्या होत्या. बऱ्याच ठिकाणी त्यांच्या उमेदवाराचं नावही लोकांना ठाऊक नव्हतं, असं गाईड सांगत होती.

आणि एवढं होऊन पिता पंतप्रधान झालेच नाहीत. जुलैत संसदेत मतदान झालं, त्यात 500 खासदारांबरोबर लष्करानं नेमलेले 250 सिनेटर मत देणार होते. 375 पाहिजे होती, 324 मिळाली. पंतप्रधान झाले फेउ थाईचे श्रेथा थाविसिन, तेही प्रयुतांच्याच पक्षांना बरोबर घेऊन.

इथनं पुढचे पोल मला खरे वाचनीय वाटतात. डिसेंबर 2023 मध्ये पिता 39.40, खुर्चीवरचे श्रेथा 22.35. जून 2024 मध्ये पिता 45.50, श्रेथा 12.85. म्हणजे ज्याला खुर्ची मिळाली नाही तो दर तिमाहीला चढतोय आणि ज्याला मिळाली तो उतरतोय. सासरी नांदायला न आलेली सून सगळ्यांना गुणाची वाटते, असं माझी आई म्हणाली असती. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं एका आठवड्यात दोन्ही प्रश्न निकालात काढले. 7 तारखेला मूव्ह फॉरवर्ड पक्ष बरखास्त आणि पितांना दहा वर्षं राजकारणबंदी, 14 तारखेला श्रेथांचं पद रद्द. तक्त्यावरचा पहिला गडी आणि खुर्चीवरचा गडी, दोघंही बाद.

आल्या पेतोंगतार्न. सप्टेंबर 2024 मध्ये 31.35 टक्के, मार्च 2025 मध्ये 30.90. ठीकठाक. मग जूनमध्ये कंबोडियाचे माजी पंतप्रधान हुन सेन यांच्याशी झालेलं त्यांचं फोनवरचं बोलणं बाहेर फुटलं. सीमेवर तणाव असताना त्या त्यांना काका म्हणत होत्या आणि आपल्याच सैन्याच्या एका कमांडरला विरोधी गटातला म्हणत होत्या. जूनअखेरीच्या पोलमध्ये 9.20 टक्के. अडीच हजारांत 230 माणसं. तीन महिन्यांत तीनातली दोन माणसं गेली. आणि त्या तक्त्यातल्या नावांत दुसरा नंबर कुणाचा? प्रयुत, 12.72. जे तोवर राजाच्या सल्लागार मंडळात जाऊन बसले होते आणि निवडणुकीच्या राजकारणात उरलेलेच नव्हते! सीमेवर बंदूक वाजली की काही लोकांना जुना जनरल आठवतो. पहिले होते पीपल्स पार्टीचे नत्तापोंग रुआंगपन्यावुत, 31.48. हा पक्ष म्हणजे मूव्ह फॉरवर्डच, नव्या पाटीचा.

ऑगस्टअखेर पेतोंगतार्नही गेल्या, पुन्हा कोर्टाच्याच हातानं. सप्टेंबरात भुमजाईथाई पक्षाचे अनुतिन चार्नविराकुल पंतप्रधान झाले. पट्टायात जागोजागी हिरव्या पानाच्या पाट्या दिसायला लागल्या त्या यांच्या धोरणामुळं, 2022 मध्ये आरोग्यमंत्री असताना गांजा बंदीतून काढणारे हेच. (पाट्या बघून माझी मंडळी "ताई, हे कसलं पान?" विचारतात. मी "तंबाखूचं दुकान आहे, पुढं चला" सांगते.) जूनमध्ये त्यांना 9.64 टक्के होते, खुर्ची मिळाल्यावर सप्टेंबरात 20.44. माणूस तोच, पण पद मिळालं की तो लोकांना दिसायला लागतो. मग नोव्हेंबरात दक्षिणेत हात याई शहर बुडालं, एकट्या सोंगख्ला प्रांतात शंभराहून जास्त माणसं गेली, आणि डिसेंबरच्या पोलमध्ये अनुतिन 12.32 वर आले.

हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. 2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्या कोल्हापूरकराला विचारा, नावेतनं कोण आलं, कोण फोटो काढून गेलं आणि कोण आलंच नाही. जन्मभर सांगेल. तेव्हा आम्ही सगळे दर तासाला राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसायचो. 39 फूट इशारा, 43 धोका. तो आकडा खरा असतो, फूट-इंचांत असतो, पण पाणी माझ्या गल्लीत कधी शिरणार आणि शेजारच्या गल्लीत का शिरणार नाही, हे तो सांगत नाही. ते उतार, नाले आणि मध्ये कुणी कुठं भराव घातलाय त्यावर ठरतं. निदाचा पोल मी तसाच वाचते. पितांचं 45 टक्के पाणी खरंच होतं. भराव कोर्टानं आणि सिनेटनं घातला होता.

निदावर विश्वास का ठेवायचा, असंही कुणी विचारेल. शेवटी सरकारी संस्था. 2018 च्या जानेवारीत त्यांनी उपपंतप्रधान प्रवित वोंगसुवन यांच्या महागड्या घड्याळांवर लोकमत घेतलं होतं. घड्याळं एकामागनं एक फोटोंत सापडत होती आणि साहेब म्हणत होते, मित्राची आहेत, उसनी घेतलेली. संस्थेनं तो पोल जाहीर करायचा थांबवला. तर पोलच्या प्रमुखानं सरळ राजीनामा दिला. लष्करी राजवट चालू असताना! त्या एका राजीनाम्यामुळं मला त्या तक्त्याबद्दल जरा जास्तच जिव्हाळा आहे.

आता माझ्या समोरचा, डिसेंबर 2025 चा तक्ता. नत्तापोंग 17.20. अनुतिन 12.32. अभिसित वेज्जाजिवा, जुने पंतप्रधान, पुन्हा डेमोक्रॅट पक्षाचे नेते होऊन परतलेले, 10.76. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, पहिल्या नंबरावर, 'अजून योग्य कुणी सापडत नाही' : 40.60 टक्के. अडीच हजारांत 1,015 माणसं. सप्टेंबरातही हीच ओळ पहिली होती, 27.28 टक्क्यांनी. तीन महिन्यांत कुणीच नसलेल्या उमेदवाराची लोकप्रियता एवढी वाढली की बाकीच्या पहिल्या तिघांची बेरीज त्याच्या जेमतेम बरोबरीला येते.

सर्व्हेचं काम करताना आमचा सुपरवायजर याच ओळीवरनं आम्हाला झापायचा. "एवढे 'सांगता येत नाही' कशाला आणता? जरा खोदून विचारा की." खोदून विचारलं की माणूस तुमच्या तोंडाकडं बघून एक नाव देतो आणि तुमची ब्याद घालवतो. ते नाव मग टक्केवारीत जातं, टीव्हीवर चढतं. निदा असं करत नाही. 'माहीत नाही' वेगळं लिहितात आणि 'कुणीच योग्य नाही' वेगळं, आणि ते पहिलं आलं तर पहिलं छापतात. माझ्या मते थायलंडच्या पुढाऱ्यांबद्दल एवढं खरं वाक्य दुसरीकडं कुठं छापलेलं नाही.

गाईडला मी विचारलं, एवढे लोक असं का म्हणतात? तिला वाटतं त्यातले सगळे रागावलेले नाहीत. काहींना ज्याचं नाव घ्यायचंय तो यादीतच नाही, त्याला बंदी आहे. तिच्या गावाकडचे बरेच थाक्सिनवाले, तर थाक्सिन सप्टेंबरपासून तुरुंगात. पीपल्स पार्टीवर काहीजण नाराज, कारण सप्टेंबरात अनुतिनना पंतप्रधान करायला त्यांनीच मतं दिली. आणि काहीजण नुसतेच दमलेत. दोन वर्षांत तीन पंतप्रधान. तिच्या आईला पोलचा फोन आला तर ती भात शिजत घातलाय सांगून ठेवून देईल म्हणाली.

तिला मी आमच्या प्रभागाचं सांगितलं. चार बटणं दाबायची आहेत, चारही जागांवर 'नोटा' आहे. कोल्हापुरात पूर्वी एका वॉर्डाला एक नगरसेवक असायचा, आता एकदम चार. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही चार वेळा 'कुणी नाही' म्हणू शकता? मजाच आहे. मजा कसली, शेजारच्या काकू चार चिन्हं तळहातावर लिहून घेणार आहेत. त्यातली दोन एका पॅनेलची आणि दोन दुसऱ्या, आणि हे त्यांनी दोन्ही पॅनेलच्या पोरांना सांगून टाकलंय.

8 फेब्रुवारीच्या निवडणुकीत एक गोष्ट वेगळी आहे. पंतप्रधान निवडताना सिनेटला आता मत नाही, ती मुदत 2024 मध्येच संपली. 500 खासदारांत 251 पाहिजेत, बस्स. नवी राज्यघटना हवी का, याचा कौलही त्याच दिवशी आहे. त्यामुळं 40 टक्के 'कुणीच नाही'वाले घराबाहेर पडून काय करतात हे मला बघायचंय. माझा कयास, मोठी घराणी ज्यांच्याकडं आहेत त्या भुमजाईथाईला पोलमध्ये दिसतं त्यापेक्षा बऱ्याच जास्त जागा मिळतील, कारण ज्याला कुणीच आवडत नाही तो ओळखीच्या माणसाला मत देतो. शिवाजी पेठेतही देतो. गाईडला हे पटत नाही. तिनं पैज लावलीय, हरले तर मी तिला पाच किलो गूळ पाठवायचा, जिंकले तर सुकवलेले आंबे माझे.

फेब्रुवारीच्या ग्रुपसाठी सूचना : 7 तारखेला संध्याकाळी सहा ते 8 तारखेला संध्याकाळी सहा पट्टायात काही मिळणार नाही. हॉटेलवाल्याशी भांडू नका, मला फोन करू नका. आदल्या शुक्रवारीच काय ती सोय बघा.